उताऱ्यातली साखर

आष्टीच्या बाजारतळावर दिवस उगवायच्या आत ही झुंबड! मधुहारी बापूच्या मांडवात ओळीनं उतारे मांडलेले. सोललेला कच्चा बटाटा, त्यात कोरलेला खळगा, खळग्यात विभूती. आदल्या सांजेला मधुमेहाच्या पेशंटवरून ओवाळून ठेवायचा. सकाळी बघावं तर खळगा पाण्यानं भरलेला, भोवती मुंग्याच मुंग्या.

"बघा माय!" बापू गरजला. "अंगातली साखर बाहेर आली! मुंगी झूट बोलत न्हाई. सुया फेका जल्दी!"

मी सत्यशीला, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. असले बापू पाहून पाहून जीव विटलाय. पण आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईनं इन्सुलिन बंद केलं होतं. ओठ सुकलेले, धाप लागलेली.

"नंदाबाई, दवाखान्यात चला."

"काहून म्याडम? माझी साखर निघून राह्यली की. त्या बघा मुंग्या."

उताऱ्याला कुणी शिवत नाही, त्यावरच बापूचा धंदा. मी सरळ तिचा बटाटा उचलला आणि पाणी चाखलं. बाया किंचाळून मागं सरल्या. पाणी गोड होतं. मग बापूच्या डब्यातली विभूती चाखली. दळलेली साखर, रंगापुरती राख!

पिशवीतून मी माझे दोन बटाटे काढले. रात्री घरीच फ्रीजवर ठेवले होते, कुणावरून न ओवाळता. रिकाम्या खळग्याचा कोरडाच होता, साखर घातलेला काठोकाठ भरला होता.

"बापू, यात कुणाची साखर उतरली? माझ्या फ्रीजची?"

बापू माईकची वायर गुंडाळायला लागला.

"बटाट्याच्या पेशींना पातळ पडदा असतो," मी म्हटलं. "बाहेर साखर ठेवली की ती आतलं पाणी ओढते. गोडी विभूतीचीच."

"मंग माझी साखर?" नंदाबाईनं विचारलं.

"रक्तातच आहे. पेशी तिच्यावरच जगतात, पण ती आत जायला इन्सुलिन लागतं. ते नसलं की रक्तात साखर भरपूर आणि पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं. ही धाप त्याचीच."

"देवाचं असं चाखू न्हाई, म्याडम," तिचा नवरा पुंजाराम पुटपुटला. पण जीप त्यानंच आणली.

नंदाबाई वाचली. बापू म्हणे जाफराबादकडं गेला. तिथंही मांडव पडेल, बटाटे सोलले जातील. मी कुठं कुठं पुरणार? बाबांनो, चमत्कार दिसला तर घरी स्वतः करून बघा. आणि बघून होईपर्यंत तरी सुई बंद करू नका.