आधी अंदाज, मग मशीन

आमच्या वर्कशॉपचा एक नियम आहे. आधी माझा अंदाज, मग मशीन. गाडीची ताकद वाढवून झाली की मी ती मागच्या चढावर नेतो, वरून वळसा घालून परत आणतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, इतके घोडे वाढले, म्हणजे इतकी हॉर्सपॉवर. मग गाडी रोलरवर चढते, चाकं जागच्या जागी फिरतात आणि केबिनमध्ये बसलेली आमची सूनबाई पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचते. पडदा तिच्याकडे तोंड करून आहे, तो बाकी कुणाला दिसत नाही.

कशावरून सांगतो म्हणाल, तर बुडावरून. सीट पाठीला किती रेटते ते बुडाला आधी कळतं, डोक्याला नंतर. लोक हसतात. हसतील त्यांचे दात दिसतील.

पूर्वी माझं आणि मशीनचं दोन-चार घोड्यांवरून वाजायचं. मी सोळा म्हणायचो, ते बारा दाखवायचं, आणि मी मशीनच्या बापाचा उद्धार करायचो. गेल्या वर्षी मात्र चांगला नऊने चुकलो. माझा धंद्यातला सगळा मान त्या एका अंदाजावर उभा. रात्री जेवताना जाहीर केलं, पुन्हा असं झालं तर वर्कशॉपात पाय ठेवणार नाही, घरी बसून भिंती बघीन. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. तो बँकेत आहे, त्याला घोड्यांतलं काही कळत नाही. सूनबाईचा घास मात्र हातातच राहिला.

त्यानंतर मी चुकलोच नाही. एकाही घोड्याने नाही. उतारवयात माणसाचे गुडघे जातात, माझं बूड सुधारलं. मी काय फुशारलो म्हणून सांगू! मशीनशी भांडण मिटलं, भूक वाढली.

मग गेल्या आठवड्यात एका गाडीला मी सोळा म्हटलं, मशीननेही सोळाच म्हटलं. गिऱ्हाईक चहाला गेलं, मी सहज बॉनेट उघडलं, तर हवेच्या नळीत फडकं. आमचंच, पुसायचं. सकाळी मीच कोंबलं होतं, आत धूळ जाऊ नये म्हणून, आणि काढायचं विसरलो होतो. नाकात बोळा घातलेली गाडी सोळा घोडे जास्त पळते होय? फडकं खिशात घातलं आणि कुणाला काही बोललो नाही. पण घास गोड लागेना.

आज दातांचे डॉक्टर आले. लाल दोन सीटची स्पोर्ट्स कार, नवी हौस. जास्त हवा घेणारा फिल्टर आणि जाड सायलेन्सर त्यांनी आधीच बाहेरून बसवून आणले होते. आमचं काम एवढंच, की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सेटिंग भरायची. सूनबाईने आधी रोलरवर होती ती ताकद मोजली, मग लॅपटॉप लावून सेटिंग भरली आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. डॉक्टर आरशात स्वतःचे दात बघत होते. मी लॅपटॉप ओढला आणि कंपनीची जुनी सेटिंग परत भरून टाकली. मलाही येतं तेवढं, फक्त कुणी विचारत नाही.

म्हणजे गाडी जशी आली तशीच. वाढ शून्य.

चढावर जाऊन आलो. डॉक्टरांनाही हौस म्हणून एक फेरी मारू दिली. ते लालबुंद होऊन उतरले. "काय ओढतेय हो! मान मागे गेली माझी!"

मी गळा साफ केला. "चौदा."

गाडी रोलरवर चढली, गर्जली, थांबली. मी केबिनकडे बघत होतो. सूनबाईने पडद्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग परत पडद्याकडे. देवा, म्हटलं, या पोरीला शून्य म्हणू दे. मी घरी बसेन, भिंती बघेन, पण शून्य म्हणू दे.

"चौदा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी केबिनमध्ये गेलो आणि दार लोटलं.

"पडद्यावर काय आहे?"

"सांगितलं ना, बाबा."

"जुनी सेटिंग आहे गाडीत. मी भरली."

तिचे डोळे भरले. "नऊने चुकलात तेव्हा दोन दिवस नीट जेवला नव्हतात तुम्ही. मी काय करणार होते?"

"आणि गिऱ्हाइकांना फसवत होतीस?"

"नाही हो! संध्याकाळी फोन करून खरा आकडा सांगते सगळ्यांना. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी विनंती करते. कुणीच नाही म्हणालं नाही अजून."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक. मला पाहून 'काय अंदाज आहे काकांचा!' म्हणणारा तो टॅक्सीवाला, ते मास्तर, सगळे. लहान पोराला पत्त्यांत जिंकू देतात तसं मला वर्षभर जिंकवलं. राग आला. इतका आला की तिला चार शब्द सुनवणार होतो. पण कोण करतं इतकं कुणासाठी? पोटची पोरंसुद्धा करत नाहीत. आमचं पोटचं पोर तर मान खाली घालून जेवत होतं.

"नवी सेटिंग भर," मी म्हटलं. "आणि दिसेल ते वाच."

तिने भरली. डॉक्टरांना सांगितलं, जरा पुन्हा तपासतोय. गाडी परत गर्जली. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"अकरा," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अकरा? अहो, मघाशी चौदा होते! तुम्ही तीन घोडे घालवले की! मघाचीच सेटिंग परत टाका."

सूनबाईने तोंड उघडलं. सावरून घेणार होती, मला दिसलं. मी हात वर केला.

"डॉक्टर, मघाशी गाडीत काही भरलेलंच नव्हतं. वाढ शून्य होती. चौदा मी तोंडाला आलं ते बोललो. खरं सांगायचं तर मला आता कळत नाही. यापुढे आकडा सूनबाई सांगेल."

डॉक्टर गाडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग त्यांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

"पण मला तर जाणवलं होतं हो," ते म्हणाले.

"मलाही वर्षभर जाणवत होतं," मी म्हटलं.