भिंगरीचे सात जोड

बूटवाल्याची पोर शंभर पावलं धावली की मट्‌कन खाली बसते, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. गल्लीला काय, विषय मिळाल्याशी कारण. टाच कशी झिजलीय ते बघून जो माणसाची चाल सांगतो, त्याच्याच लेकीचे पाय दुखतात? दिव्याखाली अंधार, म्हणून लोक हसले आणि आपापले बूट दुरुस्तीला टाकून गेले.

पोरीला घरात भिंगरी म्हणत. दोन वर्षांची असताना ती एका जागी ठरत नसे, तेव्हा पडलेलं नाव. आता चौदा वर्षांची झाली होती आणि जिना चढतानाही मध्ये थांबत होती, पण नाव काही सुटलं नाही.

बूटवाल्याला हे फार लागलं. कारागिराचं एक असतं, जगात काहीही बिघडलं तरी ते आपल्याच हत्यारानं दुरुस्त होईल असं त्याला वाटतं. पोर म्हणाली, "बाबा, धावलं की पोटऱ्या भरून येतात," की हा लगेच तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि माप काढायचा. पहिल्या जोडात चवडा आवळत असेल म्हणून दुसरा रुंद केला. मग टाच जड वाटली, ती उतरवली. मग तळच बदलला. दोन वर्षांत सहा जोड झाले. गिऱ्हाइकांचे बूट आठ-आठ दिवस पडून राहायचे आणि हा पोरीच्या सातव्या जोडाचं चामडं पाण्यात भिजत घालून बसायचा.

"अहो, तिला धावायचाच कंटाळा आहे," आई म्हणायची. "तुम्ही सोन्याचे बूट केलेत तरी ती बसणारच."

"तू मध्ये पडू नकोस. हे माझं काम आहे."

लहान झालेले जोड त्यानं दुकानात खिळ्याला टांगून ठेवले होते. सगळ्यांचे तळ नव्यासारखे. पोर वस्तू जपून वापरते, असं तो कौतुकानं सांगायचा. अरे शहाण्या, चौदा वर्षांच्या पोरीच्या बुटाचा तळ घासत नाही, याचं कौतुक करायचं की काळजी करायची? पण ते तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, त्याच्याही नाही.

मग शाळेत तपासणी झाली. नर्सबाईंनी नववीच्या सगळ्या मुलांचा रक्तदाब घेतला. भिंगरीच्या हाताला पट्टा बांधला, आकडा बघितला, तिला दहा मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा घेतला. एकशे छप्पन्न आणि चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी घरी चिठ्ठी आली.

बूटवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि तो गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला. त्याच्या हाताशी एक खण होता. त्यात बारीक खिळे, मेणाचा गोळा आणि त्याच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. सहा वर्षं तो त्या घेत होता. त्याच्या वडिलांनाही तेच होतं, आणि ते त्यातच गेले.

"खाण तशी माती," तो बायकोला म्हणाला. "मी दिलं हे तिला."

"काहीतरीच काय बोलता?"

"मग कुणी दिलं? शेजाऱ्यानं?"

त्या दिवसापासून घराचं पथ्य सुरू झालं. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. आत्यानं फोनवरून निदान केलं, की हे सगळं त्या मोबाइलमुळे, म्हणून मोबाइल कपाटात गेला. परीक्षेचं नाव काढायचं नाही, पोरीला चिडवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे बापानं ओरडायचं नाही. हे सगळ्यात कठीण. हा माणूस जन्मात हळू बोलला नव्हता. आता तो गिऱ्हाइकाशीही दबक्या आवाजात बोलू लागला, तेव्हा दोघातिघांनी बायकोला विचारलं, की घरात कुणी गेलं का.

बिचारं मीठ, बिचारा मोबाइल. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, तशी गत. आणि पोर? ती आळणी भाजी मुकाट्यानं गिळत होती. वर्गातल्या मुली तिला आजीबाई म्हणू लागल्या होत्या, ते तिनं घरी सांगितलं नव्हतं. एकदा मात्र ती दुकानात येऊन त्या खणाकडे बघत म्हणाली, "बाबा, मलापण आता कायमच्या गोळ्या? तुमच्यासारख्या?"

बूटवाल्यानं रांपी खाली ठेवली. चामडं कापायची ती सुरी बाजूला सारून त्यानं गोळ्यांचा खण लावून टाकला. "डॉक्टर सांगतील ते करू," एवढंच तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत बघायची त्याची हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. बाहेर रांग लागलेली. त्यांनी पोरीला बसवून दोनदा रक्तदाब घेतला आणि विचारलं, "घरात कुणाला आहे?"

"मला," बूटवाला म्हणाला. गुन्हा कबूल करावा तसा म्हणाला. "माझ्या वडिलांनाही होता."

बाईंनी मान हलवली, कागदावर लिहिलं. डोकं दुखतं का, झोप लागते का, नाकातून रक्त येतं का, विचारलं. डोकं दुखत होतं. नाकातून दोनदा रक्तही आलं होतं. बाईंनी काही तपासण्या लिहिल्या आणि आठवड्यानं यायला सांगितलं. पोर वजनकाट्यावरून उतरून बूट घालायला बाकावर बसली.

आता सवयीला औषध नाही. कुणी बूट घालायला बसलं की बूटवाल्याचा गुडघा आपोआप जमिनीला टेकतो. त्यानं पोरीचा पाय हातात घेतला आणि सवयीनंच पुटपुटला, "हा बघा, पुन्हा बर्फाचा गोळा. कितीदा सांगितलं, मोजे घालत जा."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "पाय गार असतात?"

"बारा महिने, बाई. भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि हात बघा, हात गरम."

"दुखतात?"

"धावलं की दुखतात," पोर म्हणाली. "बसलं की थांबतात."

"हा सातवा जोड आहे," बूटवाला ओशाळून म्हणाला. "माझंच काहीतरी चुकतंय मापात."

बाई उठल्या. त्यांनी पोरीला पलंगावर आडवं केलं, मनगटाची नाडी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं जांघेत नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग पावलावर शोधली. मग रुंद पट्टा आणून तो पोरीच्या मांडीला बांधला. सोबत आलेल्या आईनं बूटवाल्याची बाही घट्ट धरली होती.

"एकशे चार," बाई म्हणाल्या. "हातात एकशे छप्पन्न आणि पायात एकशे चार. पायात खरं तर जास्तच असायला हवा." त्यांनी पट्टा सोडला. "हे मी आधीच बघायला हवं होतं. वडिलांना आहे म्हटल्यावर माझंही लक्ष तिकडेच गेलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी छातीतून खाली उतरते, ती भिंगरीची एका जागी चिंचोळी असावी. जन्मापासून. वर दाब साठतो, खाली रक्त पोचत नाही. बूटवाल्याला ते एका वाक्यात कळलं, लेस एकाच जागी फार आवळली गेली होती.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" त्यानं विचारलं.

"नाही. तुमचं दुखणं तुमच्यापाशी. हिचं वेगळं आहे, आणि हे उघडता येतं."

"आणि बूट?"

"बुटांचा काय दोष?"

तो तिथंच, बाकाशेजारी, जमिनीवर बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. दोन वर्षं तो गार पाय त्याच्याच हातात होता, आणि हा त्याचं माप घेत होता.

मोठ्या रुग्णालयात छातीचं चित्र निघालं आणि बाईंचं म्हणणं खरं ठरलं. जांघेतून एक बारीक नळी वर सरकवायची, चिंचोळ्या जागी जाळीची नळी उघडायची आणि बाहेर यायचं. छाती उघडायची नाही. हे काम करणारा डॉक्टर तरुण होता, आणि बूटवाल्याचं लक्ष आधी त्याच्या बुटांकडे गेलं. उजवी टाच बाहेरच्या बाजूनं साफ झिजलेली. "हा दिवसभर उभा राहतो," तो बायकोच्या कानात म्हणाला. "कामाचा माणूस आहे." बायकोला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

दोन तास ते दोघं बाहेर बसले होते. डॉक्टर आला, म्हणाला, "झालं. छान झालं." आई रडायला लागली. दोघं आत गेले तेव्हा आई उशाशी गेली आणि बूटवाला पायथ्याशी. त्यानं चादरीखाली हात घातला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" बायको घाबरली.

"गरम आहे," तो म्हणाला. "अगं, गरम आहे पाय." जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते त्याला त्या घडीला कळलं.

"बाबा, सोडा ना," पोर गुंगीतच म्हणाली. "गुदगुल्या होतायत."

सगळं एका दिवसात सुटत नाही. एक लहान गोळी अजून चालू राहिली, दर वर्षी तपासायला जायचं ठरलं, आणि धावायची परवानगी काही महिन्यांनी मिळाली. पण मीठ फळीवरून खाली आलं, बेतानं का होईना. मोबाइल कपाटातून निघाला. बूटवाला पुन्हा ओरडू लागला आणि गल्लीला हायसं वाटलं. आत्या म्हणाली, मोबाइल बंद केला होता म्हणूनच गुण आला. तिला कुणी अडवलं नाही.

परवानगी मिळून दोन महिने झाले असतील, एका दुपारी पोर धापा टाकत दुकानात आली. घामाघूम, गाल लाल. तिनं सातवा जोड काढून गल्ल्यावर ठेवला.

"बाबा, हे बघा ना. पाणी आत येतंय."

त्यानं बूट उलटा केला. टाच एका बाजूनं पार गेली होती आणि चवड्याखाली नाण्याएवढं भोक पडलं होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यानं आधी दहा मिनिटं सुनावलं असतं, की बूट आहे का नांगर. तो बूट घेऊन तसाच उठला आणि घराच्या दारात गेला.

"अगं, बाहेर ये," त्यानं बायकोला हाक मारली. "पोरीनं बूट फाडले."

मग तो दुकानात परत आला, तिला स्टुलावर बसवलं, आणि आठव्या जोडाचं माप घ्यायला तिचा पाय मांडीवर घेतला.