टिंबाएवढी फट

भांडण झालं भावाशी आणि फटका बसला वहिनीच्या कामाला. घरात जिला सगळे ठिणगी म्हणत, तिनं रागाच्या भरात छपाईच्या चारही फ्रेमा थिनरनं अशा घासल्या, की जाळी किती बारीक ते सांगणारे कडेचे नंबरच पुसून गेले.

घराची पुढची खोली म्हणजेच छापखाना. फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबली की खाली कागदावर अक्षर उमटतं. वहिनीनं पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर काम आणलं होतं, औषधाच्या बाटल्यांची लेबलं. औषधवाल्यानं बजावलं होतं, "दोन पॉइंट पाचमधलं टिंब बुडालं तर पंचवीस होतात, बाई. मागच्या माणसानं तेच केलं." एवढ्याशा टिंबाला सगळ्यात बारीक जाळी हवी. आणि जाळीवर अक्षरं चढवायचा लेप उरला होता एकाच फ्रेमपुरता.

"सगळ्या सारख्याच दिसतात गं!" ठिणगीनं फ्रेम आपटली. "वहिनी, ओरड तरी!"

"ओरडून नंबर येणार असतील तर ओरडते. मांजराला खेळवायचा लाल दिवा कुठंय?"

किल्ल्यांच्या जुडग्यातला तो स्वस्तातला लेझर. वहिनीनं त्याच्या बटणावर कपड्यांचा चिमटा लावला, म्हणजे बोट धरून बसायला नको. दिवा डब्यावर टेकवला, खिडकी झाकली. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका.

दिव्यासमोर एक फ्रेम आली आणि ठिपक्याची रांगोळीच झाली! आडवी ओळ, उभी ओळ, मधे भडक, कडेला फिके. ठिणगी शिव्या द्यायचीच विसरली.

"परवा मांजर पडद्याआड लपलं होतं, तेव्हा पडद्यातून असेच ठिपके पडलेले दिसले," वहिनी म्हणाली. "तेव्हापासून डोक्यात घोळतंय."

दुसरी फ्रेम लावली. ठिपके एकमेकांपासून आणखी लांब गेले.

"ही जाड!" ठिणगी ठसक्यात म्हणाली. "भोकं लांब, म्हणून ठिपके लांब."

"मलाही तसंच वाटलं होतं. जा, चहाची गाळणी आण."

गाळणीची भोकं डोळ्यांना दिसणारी. पण भिंतीवर ठिपके एकमेकांना चिकटून नुसता लाल गोळा. मग रुमाल धरला, तर ठिपके सुटे सुटे. ठिणगी भिंतीजवळ गेली, मागे आली, पुन्हा गेली.

"म्हणजे उलटंच की! जेवढं दाटीत कोंबावं, तेवढा उजेड जास्त फाकतो?"

"तुझ्यासारखाच. कोंडला की उधळला."

"हात् गं!" म्हणाली, पण हसली.

मग वहिनीनं दिवा जागचा हलू न देता एकेक फ्रेम त्याच जागी धरली आणि ठिणगीनं भिंतीवर पेन्सिलीनं ठिपके टिपले. शेवटच्या दोन फ्रेमांच्या ठिपक्यांत फरक केवळ नखाएवढा. नुसती जाळी चाचपून तो बोटांना कळला नसता, बघून डोळ्यांनाही नाही. भिंतीनं मात्र चहाडी केली. ठिणगी वहिनीकडे बघत राहिली. चिमटा, डबा, गाळणी! हिच्या जागी आपण असतो, तर अजून आदळआपटच करत असतो.

ठिपके जिचे सगळ्यात लांब, तिच्यावर वहिनीनं उरलेला लेप चढवला.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्यानं लेबल भिंगाखाली धरलं.

"टिंब मोहरीसारखं सुटं आहे! नवं मशीन घेतलंत वाटतं?"

वहिनी तोंड उघडणार, तोच ठिणगी पुढं झाली.

"मशीन कसलं? आमची वहिनी आहे ही."