चाळीस मीटर जाळी

"आडवी ताणून बघा," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

साहेबांनी जाळीला हात लावला नाही. कागद पुढे केला. उभ्या ताणाची चाचणी पास झाली होती आणि गिऱ्हाइकाने तेवढीच मागितली होती. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

तीस वर्षं मी मच्छरदाण्या विणल्या. मच्छरदाणी उसवली तर डास चावतो. ही जाळी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाला आतून ठिगळ लावायला होती. ती जमवायला मला दीड वर्ष लागलं. भोकं मोठी ठेवली की लुळी पडायची, बारीक ठेवली की पुठ्ठा. शेवटी एक टाका शेजारच्या दोन सुयांवरून फिरवला, तेव्हा कुठे जमलं. मशीन जोरात पळावं म्हणून साहेबांनी मला न विचारता तोच टाका काढला. आता आडवी ओढली की फासे सरकत होते. हातमोजे घातलेल्या बोटांनाही ते कळत होतं.

माझ्या बायकोच्या पोटाला जाळी न लावता नुसतेच टाके घातले होते. दोनदा उसवले. ती आधी पोट धरते, मग खोकते. हे मी त्यांना सांगितलं.

"काका, घरचं घरी ठेवा. रोल उद्या जायचाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडून काय होणार होतं? आम्ही उभे होतो त्या खोलीत उघडा हात लागलेला माल बाद धरत. नियम साहेबांचाच. मागच्या महिन्यात मोजा काढून घाम पुसला म्हणून त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं.

मी उजव्या हाताचा मोजा काढला आणि रोल उलगडायला घेतला. साहेबांनी मनगट धरलं, मी हिसडा दिला. चाळीसच्या चाळीस मीटरवरून तळहात फिरवला, एक वीत सोडली नाही.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि तो टाका कोणत्या सुयांवरून कसा न्यायचा ते लिहायला बसलो. रागाने अक्षर वाकडंतिकडं आलं. माझ्या जागी येणाऱ्याला ते वाचता आलं नसतं. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेऊन सावकाश पहिल्यापासून लिहिलं.