किल्लेदाराची बहीण

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून असलेल्या सावळीरामने सात वर्षांत तीन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. तिन्हींत लढाया थोड्या, पेच मोठा: दिलेला शब्द पाळायचा की आपलं माणूस राखायचं? शेवटची सर्वांत गाजली. तिच्यातला किल्लेदार धन्याच्या हुकमाखातर सख्ख्या बहिणीला दरवाजा उघडत नाही. "तो चुकला का?" असं वाचक पत्रांतून विचारत. सावळीराम उत्तर देत नसे. तो आधी पाकिटावरचं अक्षर बघे. ते कलाचं नसलं की पत्र बाजूला ठेवी.

कला त्याची धाकटी बहीण. बहात्तर साली तिनं जातीबाहेर लग्न केलं. "तिला उंबऱ्यात घेणार नाहीस, शब्द दे," दोघांचे वडील आबा त्याला म्हणाले. त्यानं दिला. आठवडाभरात ती नवऱ्याला घेऊन त्याच्या क्वार्टरवर आली.

"दादा, दोनच दिवस राहू दे."

त्यानं दाराआडूनच नाही म्हटलं. तीन वर्षांनी आबा गेले. शेवटचे चार दिवस ते एकच विचारत होते, "कला आली का रे?"

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते अक्षर आलं. "किल्लेदाराची बहीण पुढे कुठे गेली, ते तुम्ही लिहिलं नाही. ती मेली नाही. कांदा पिकवते. दोन मुली आहेत." खाली नाव नाही, पत्ता नाही; शिक्का तेवढा सटाण्याचा.

सुट्टी मिळेल तशी तो सटाण्याची एसटी धरू लागला. कांद्याच्या बाजारात चौकशी करी.

"कोनती कलाबाई? आठे दहा कलाबाई शेतस," एक हमाल अहिराणीत म्हणाला. इथं या नावाच्या दहाजणी होत्या. "आडनाव सांगा."

मेव्हण्याचं आडनाव सावळीरामने कधी विचारलंच नव्हतं.

पाचव्या खेपेला ती दिसली. बैलगाडीत गोण्यांवर बसलेली, कानशिलाशी केस पिकलेले. तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला. ती खाली उतरली.

"वाळलास, दादा."

"कला, मी चुकलो."

"मग पुस्तकात का नाही लिहिलंस तसं?"

"धीर झाला नाही." त्यानं विचारलं, "घरी येऊ?"

"घरी नको. तू दार उघडलं नाहीस, ते ह्यांच्या मनातून गेलेलं नाही, आणि मी ह्यांना भरीस पाडणार नाही." गाडीत चढता चढता ती म्हणाली, "बुधवारी आमचा माल असतो इथं."

सावळीरामने साहेबांना सांगून रविवारची सुट्टी बुधवारी करून घेतली. दर बुधवारी दोघं कांद्याच्या ढिगाशेजारी चहा पीत. मुली कशा दिसतात, हे तो प्रत्येक वेळी विचारी, आणि प्रत्येक वेळी ती त्याला थोडं जास्त सांगे.