वाचणारीचा वाटा

निमोण्यात फूलमळेवाल्या दादांच्या शेडमध्ये आम्ही दहा-बारा बायका दुपारी शेवंती निवडायला बसायचो. तिथं एक रीत पडली होती. एकीनं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत ऐकत फुलं निवडायची, आणि वाचणारीच्या वाटणीची पाटी सगळ्यांनी मिळून उरकायची. वाचणारी म्हणजे मी, खुर्शिद. शिक्षण सातवी, पण आवाज खणखणीत आणि तोंड त्याहून. माझा नवरा शेखलाल म्हणायचा, तू बसून खातेस. मी म्हणायचे, बसून घसा फोडते, तू एक पान वाचून दाखव.

माझ्या वाटणीची निम्मी पाटी एकटी सोजराबाई उरकायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट अशी ऐकायची की हातातलं फूल हातातच राहायचं. तिचा मुलगा खंडू ट्रकवर ड्रायव्हर होता. तीन वर्षांपूर्वी शिक्रापुरातून माल भरून गेला, तो गेलाच. ट्रक रस्त्याच्या कडेला सापडला, किल्ली जागेवर, खंडू नाही. पोलिसांनी हात टेकले. घरात आता सोजराबाई आणि सून प्रांजल, दोघीच होत्या; दोघीही शेडवर यायच्या. प्रांजलला मूलबाळ नव्हतं आणि वय होतं बावीस.

त्या साली, दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, मी शिरूरच्या वाचनालयातून ‘वलयापलीकडे’ नावाची कादंबरी आणली. कव्हरवर शनी होता म्हणून बायका आधी बिचकल्या. एकीनं तर पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. गोष्ट अशी की एक तरुण यानात बसून शनीकडं जातो आणि त्याची आई इथं यंत्रापुढं बसून त्याचा आवाज ऐकते. आवाजाला तिथून इथवर यायला सव्वा तास लागतो. म्हणजे आई ऐकते तेव्हा तो जिवंत असेलच असं नाही. हे बायकांना मी समजावायच्या आत समजलं. सोजराबाई म्हणाली, आपल्या पत्रांचं तरी दुसरं काय असतं.

मग आवाज यायचा बंद होतो. आई यंत्रापुढून उठत नाही. नऊ वर्षं.

शेवटचं पान मी आदल्या दिवशी घरी वाचून ठेवलं होतं. मुलगा येत नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्या पानावर आले आणि समोर पाहिलं, तर सोजराबाईचा जीव डोळ्यांत येऊन बसलेला. माझ्यानं वाचवेना. मी पुस्तकात बघत बघत सहा ओळी पदरच्या घातल्या. नवव्या वर्षी यंत्रावरचा दिवा लागला, आवाज आला, पोरगा परत आला. बायका रडल्या, हसल्या. सोजराबाईनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. मला फार बरं वाटलं. खोटं बोलून इतकं पुण्य लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर प्रांजलला स्थळ आलं. मुलगा दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, नोकरीत कायम, पहिली बायको आजारात गेलेली. प्रांजलचे वडील सोपानराव दौंडकडचेच. त्यांनी चौकशी करून निरोप धाडला. पण सासूनं हो म्हटल्याशिवाय भावकी मान्य करणार नव्हती, आणि सोजराबाई म्हणाली, त्या आईला नऊ वर्षं लागली, मला तर तीनच झालीत.

हे तिनं शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. तीन गेली, अजून सहा. माझ्या सहा ओळींची एकेक ओळ त्या पोरीच्या एकेका वर्षाला जाऊन बसली होती.

प्रांजल दर रविवारी खंडूचे चार शर्ट धुऊन, इस्त्री करून परत पेटीत ठेवायची. सासूचा तसा हुकूम होता, तो आला तर कपडे तयार पाहिजेत. एका रविवारी दुपारी ती माझ्या दारात आली. हातात ‘वलयापलीकडे’. शिरूरला जाऊन तिनं ते वाचनालयातून पुन्हा आणलं होतं.

“चाची, तुम्ही शेवटाला वाचलं ते ह्यात न्हाई,” ती म्हणाली.

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग विचारलं, सासूला सांगितलंस का. तिनं नकाराची मान हलवली. मी सांगितलं तर म्हणतील सुटायला बघती, तुम्ही वाचलं तुम्हीच सांगा, असं म्हणाली. आणि पुढं म्हणाली, “मला जायचंय. त्यांच्याकडं बघून वाईट वाटतं, पर जायचंय.” पुस्तक माझ्या उंबऱ्यावर ठेवून ती गेली.

पंधरा दिवस मी उद्या सांगते, परवा सांगते करत काढले. एरवी गावभर तोंड चालवणारी मी, पण तिथं दातखीळ बसायची. तेवढ्यात कळलं की त्याच कादंबरीवर हिंदीत सिनेमा निघालाय आणि दौंडच्या टॉकीजला लागलाय. मला अल्ला पावल्यासारखं झालं. सिनेमाच सांगेल. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सोय आयती चालून आली होती.

सोपानरावांनी शेवटचं विचारायला बोलावलं होतं. शनिवारी संध्याकाळी सहाला, दौंडच्या एसटी स्टँडवर. पाहुणे त्यापुढं थांबणार नव्हते, त्यांना दुसरीकडून सांगून येत होतं. मी सोजराबाईला म्हटलं, जायचंच आहे तर तीनचा खेळ बघून जाऊ, आपल्या पुस्तकाचा सिनेमा आहे. ती नव्या लुगड्यात तयार झाली. नकार द्यायलाच निघाली होती, पण खुशीत. मी पुस्तक पिशवीत टाकलं. का टाकलं, ते स्वतःला विचारलं नाही.

न्हावऱ्यावरून एसटीनं भीमेचा पूल ओलांडून आम्ही दोघी आणि प्रांजल दौंडात उतरलो. टॉकीज भरलं होतं. रेल्वेतले लोक बायकापोरांसह आले होते, पुढं कॉलेजची पोरं. आम्ही तिघी ओळीनं बसलो, मधे सोजराबाई.

यान उडालं तशा शिट्ट्या सुरू झाल्या. हिरो यानात तरंगायला लागला तेव्हा एक लहान मूल किंचाळून हसलं आणि त्याच्या हसण्यावर सगळं थिएटर हसलं. शनीजवळ यान थांबून राहिलं तर मागून कुणी ओरडलं, “आउटरला उभी केली रे गाडी.” स्टेशनाबाहेर सिग्नलला गाड्या अडवणाऱ्या रेल्वेवाल्यांनीच टाळ्या पिटल्या. सिनेमावाल्यांनी आईला बाजूला सारून एक बायको घुसडली होती, ती यंत्रापुढं बसून गाणी म्हणायची. सोजराबाईला ते पटलं नाही. शेजारणीला सांगायला लागली, पुस्तकात आई हाय, ह्यांनी कायतरीच केलं. शेजारीण म्हणाली, गप बघा ओ. “मला समदं ठाव हाय,” सोजराबाई म्हणाली. “शेवटाला येतो त्यो.”

मध्यंतरात तिनं आम्हाला शेंगदाणे घेतले. प्रांजलनं एकही दाणा तोंडात घातला नाही. सगळे मुठीत धरून बसली.

मग आवाज बंद झाला. इतका वेळ दंगा करणारं थिएटर एकदम गार पडलं. पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. पडद्यावर वर्षं सरत होती, बायकोच्या केसांना पांढरं लागत होतं. मागं कुणीतरी हुंदके देत होतं. आता तेच पान. आता ती उठेल आणि यंत्र बंद करेल आणि मी सुटेन. बायको खरंच उठली. तिचा हात बटणाकडं गेला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, नको बाई, नको. मी मनात म्हणत होते, कर, बाई, कर.

बोट बटणावर टेकलं आणि यंत्रावरचा लाल दिवा लागला.

अख्खं टॉकीज उसळलं. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर सुटी नाणी. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, म्हातारा शेजाऱ्याच्या गळ्यात पडला. सिनेमावाल्यांना माझ्यासारखंच शेवटचं पान झेपलं नव्हतं. तीन-चारशे माणसं आनंदानं रडत होती आणि मला त्या एकेकाचा राग येत होता. सोजराबाई माझ्या मांडीवर थापा मारत होती. तिच्या पलीकडं प्रांजल पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. तिनं मूठ उघडली आणि शेंगदाणे खाली पडू दिले.

बाहेर पडलो तर रस्त्यानं लोक तेच बोलत होते. आला म्हणजे येणारच, प्रेम खरं असलं की येतो. सोजराबाई अनोळखी लोकांच्या गप्पांना माना डोलवत पुढं चालली होती. स्टँडवर सोपानराव बाकावर बसलेले दिसले. आम्हाला बघून उभे राहिले, टोपी सारखी केली. सोजराबाईनं बसायच्या आधीच सुरुवात केली की पाहुण्यांना नाही म्हणून कळवा.

मी म्हणाले, “मावशी, थांबा. पुस्तकात त्यो येत न्हाई.”

तिला वाटलं मी सिनेमाबद्दल बोलतेय. मी पिशवीतून पुस्तक काढलं. सांगितलं, की शेडमध्ये मी वाचलं ते माझ्या मनचं होतं. तुमच्याकडं बघवेना म्हणून सहा ओळी मी घातल्या. पोरगा येत नाही, नऊ वर्षांनी आई स्वतः यंत्र बंद करते. माझा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे, दोनदा सांगावं लागलं.

सोजराबाई माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“तवा खोटं वाचलंस, का आत्ता खोटं बोलतीस?”

काय पुरावा देणार होते मी? पुस्तक उघडून वाचलं असतं तरी वाचणारी मीच. प्रांजलनं वाचून दाखवायला हात पुढं केला, तर सोजराबाईनं तो बाजूला सारला. माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं आणि ती सरळ चौकशीच्या खिडकीपाशी गेली. आत कंट्रोलर वहीत गाड्यांच्या वेळा लिहीत होता. तिनं पुस्तक खिडकीतून आत सरकवलं.

“दादा, ह्याचं शेवटचं पान वाच. हाय तसं वाच. कमी न्हाई, जास्त न्हाई.”

तो म्हणाला, आजी, ही गाड्यांची खिडकी आहे. ती हलली नाही. मागं दोन-तीन माणसं गाडी विचारायला उभी होती, तीही जवळ सरकली. त्यानं आमच्या तोंडांकडं पाहिलं, चष्मा सारखा केला आणि गाडी पुकारायच्या आवाजात वाचायला लागला.

“नऊ वर्षांत यंत्रातून एकही शब्द आला नव्हता. त्या सकाळी आई उठली. तिनं कुणाला विचारलं नाही.” मधेच त्यानं माईक ओढून शिरूर गाडी फलाटावर लागल्याचं सांगितलं. ती आमचीच गाडी होती. सोजराबाई म्हणाली, जाऊ दे गाडी, तू वाच. “यंत्राचं बटण तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं. मग दार उघडलं. बाहेर ऊन पडलं होतं.”

“पुढं?”

“पुढं काही नाही, आजी. संपलं.”

तिनं पुस्तक परत मागून घेतलं. ते पान उघडंच धरलं होतं. त्या अक्षरांवरून तिनं एकदा हात फिरवला, पाखडलेल्या धान्यात खडा राहिलाय का बघावं तसा. मग पुस्तक मिटून बाकाशी आली.

“सोपानराव, मी न्हाई बंद करायची,” ती म्हणाली. “माझा ल्योक हाय, मी बसंन नऊ वर्सं, न्हाईतर मरूस्तवर बसंन. पर हिनं का बसावं? घेऊन जावा तिला.”

सोपानरावांनी हात जोडले. प्रांजल खाली वाकली, सासूच्या पायांवर डोकं ठेवून रडली. सोजराबाईनं तिला उठवलं, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

“शर्टाची काळजी करू नगंस,” ती म्हणाली. “शर्ट मी धुईन.”

प्रांजल वडिलांबरोबर गेली. आम्ही दोघी पुढच्या गाडीनं परतलो. सोजराबाई माझ्या शेजारी न बसता पुढं कंडक्टरच्या बाकावर जाऊन बसली. निमोण्यापर्यंत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

दोन महिने ती शेडकडं फिरकली नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले, तर दोन्ही वेळा तिनं दार उघडं ठेवूनच आतून सांगितलं की ती घरात नाही. रविवारी तिच्या अंगणातल्या दोरीवर चार शर्ट वाळत असायचे. मग एक दिवस ती आली आणि आपल्या जागेवर बसली. मी नवं पुस्तक संपवत आणलं होतं. माझी मुलगी अफरीन सुट्टी म्हणून शेजारी बसली होती, आठवीत होती ती. मी शेवटचं पान उलटलं तशी सोजराबाई उठली. माझ्या वाटणीची पाटी, जिला कैक वर्षं मी हात लावला नव्हता, ती उचलून तिनं माझ्यापुढं आणून ठेवली.

“ते पान अफरीन वाचंल,” ती म्हणाली. “तू फुलं निवड.”

मी पुस्तक पोरीच्या हातात दिलं आणि फुलं निवडायला लागले.