नावाड्याचा लंगडा पाय

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं की चष्मेवाल्याच्या मागच्या खोलीत सभा भरायची. खोली तशी काचा घासायची. एका कडेला घासायचं यंत्र, कपाटात फ्रेमांचे डबे, आणि समोर एक मोठा टीव्ही, त्याला गेमची दोन यंत्रं जोडलेली, एक जुनं आणि एक नवं. माणसं आठ. सगळी चाळिशी ओलांडलेली, पोटं सुटलेली, घरी कुणी विचारत नाही म्हणून इथे आवाज चढवणारी. आणि गेले तीन आठवडे विषय एकच: ‘नावाडी’ या गेमचा तिसरा भाग पहिल्या दोन भागांशी इमान राखून आहे की नाही.

चष्मेवाल्याला या मंडळींची आताशा शिसारी यायला लागली होती. चिप्सने माखलेली बोटं सोफ्याला पुसतात, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, आणि जे आवडतं त्याबद्दल बोलतानाही तोंडं अशी करतात की जणू कुणी कडू काढाच पाजलाय. पण बोलणार कुणाला? ही सभा त्यानेच सुरू केलेली. एवढंच नव्हे, ‘नावाडी’चे बेचाळीस नियमही त्यानेच, ऐन तरुणपणी, वहीत लिहून काढले होते. नावाडी काय करतो, काय करत नाही, कुणाला होडीत घेतो, कुणाला घेत नाही. पुढे कुणीतरी ती यादी इंटरनेटवर चढवली आणि जगभरचे शौकीन तिचे दाखले द्यायला लागले. त्यातला नियम पहिला: नावाडी उजव्या पायाने लंगडतो.

तिसऱ्या भागात तो डाव्या पायाने लंगडत होता.

झालं. राईचा पर्वत व्हायला आणखी काय लागतं? कुणीतरी गेमच्या शेवटी येणारी नावं चाळली, नावाड्याची चाल कुणी बसवली ते शोधून काढलं, आणि त्या मुलीवर सगळे तुटून पडले. तिचा फोटो मिळवला. तिच्या नाकाबद्दल लिहिलं, कपड्यांबद्दल लिहिलं. एकाने लिहिलं, हिचाच एक पाय मोडा, म्हणजे लंगडणं काय असतं ते कळेल. त्याला साडेतीनशे लोकांनी पसंती दिली होती.

ती मुलगी चष्मेवाल्याची सख्खी भाची होती, आणि ही गोष्ट त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होती.

त्या रविवारी सकाळीच तिचा फोन आला होता. रडत नव्हती, पण आवाज बसलेला.

“मामा, आज तुझ्याकडे त्या पत्रावर सह्या होणार आहेत ना?”

“कुठलं पत्र?” म्हणाला तो. पत्र त्याच्याच टेबलावर पडलं होतं.

“मला काढून टाका म्हणून लिहिलंय ते. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, जुन्या चाहत्यांच्या सह्यांचं पत्र माझ्या नावानिशी आलं तर कंपनी माफी मागणार आणि मला घरी बसवणार. तू एकदा बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतात.”

“पण बाळा, तू डावा पाय घेतलासच का?”

“कुठला तरी एक घ्यावाच लागणार होता! जुन्या यंत्रात जागा नव्हती म्हणून पहिला गेम करणाऱ्यांनी नावाडी एकदाच काढला, उजवीकडे चालणारा. डावीकडे जाताना तेच चित्र उलटं केलं, आरशात दिसतं तसं. जाताना उजव्या पायाने लंगडतो, येताना डाव्या. आता खराखुरा चौफेर फिरणारा माणूस करायचा तर कुठला पाय धरू? आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, मामा.”

फोन ठेवल्यावर त्याने जुना गेम लावला. नावाडी उजवीकडे नेला, मग डावीकडे आणला. पोरगी खरं बोलत होती. पंचवीस वर्षं तो हा गेम खेळत होता आणि त्याला एकदाही दिसलं नव्हतं. दुकानात रोज अशी माणसं येतात. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांना दिसत नसते, पाठ असते, आणि ती ठसक्यात म्हणून दाखवतात. त्यांना तो हसायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच घडवला हे त्याला त्या सकाळी कळलं, आणि जेवण गेलं नाही.

दुपारी सभा भरली. पत्र वाचणाऱ्याला सगळे काटेकोर म्हणत. औषधाचं दुकान होतं त्याचं. गोळ्या मोजाव्यात तशी तो नावाड्याची पावलं मोजायचा, आणि यादी त्याने छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणली होती.

“मी रोज लंगडी माणसं चालवते,” फिजिओबाई म्हणाल्या. सभेत त्या एकट्याच बाई. “हा डावाच पाय आहे. माझं प्रमाणपत्र जोडा हवं तर.”

“जोडूच,” काटेकोर म्हणाला. “आणि ते पाय मोडायचं कुणी लिहिलंय, वाचलंत का? फारच हसलो बुवा.”

सगळे हसले. फिजिओबाईसुद्धा.

“जुना भाग लावा,” चष्मेवाला म्हणाला.

“कशाला दादा? तोंडपाठ आहे.”

“लावा म्हणतो ना. आता त्याला उजवीकडे न्या. बघा पाय. आता परत आणा. परत आणा! आता कुठला पाय?”

काटेकोरने नावाड्याला चार वेळा नेलं, चार वेळा आणलं. चष्मेवाल्याला वाटलं, सुटलो. आता हे ओशाळतील, पत्र फाडतील, निदान चहा तरी गप्प पितील.

“अरे बाप रे,” काटेकोर हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे जाताना उजवा, येताना डावा. आणि हिने काय केलं? जाताना डावा, येतानाही डावाच! अहो, ही तर दुप्पट बेइमानी झाली!”

खोलीत एकच गलका उठला. जो तो खूश. फिजिओबाईंनी तर टाळी वाजवली. त्रेचाळिसावा नियम जागच्या जागी लिहिला गेला आणि पत्रात एक परिच्छेद वाढला.

“ती यादी मी मागे घेतो,” चष्मेवाला ओरडला. “चुकीची आहे ती. माझी आहे, मी मागे घेतो!”

“असं कसं दादा?” काटेकोर समजुतीच्या सुरात म्हणाला. “लिहिली तुम्ही, पण आता ती सगळ्यांची आहे. तुम्हालाही तिच्याबाहेर जाता येणार नाही.”

आता लाज धरून उपयोग नव्हता. “ती पोरगी माझी भाची आहे,” तो म्हणाला. “माझ्या ताईची मुलगी. नोकरी जाईल तिची.”

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. काटेकोर उठला, त्याच्याजवळ आला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. काटेकोरचे हात चिप्सने तेलकट होते.

“आधी नाही का सांगायचं, दादा? आपल्या घरची पोर! तिच्या अंगाला धक्का लागेल का?” त्याने पेन काढलं आणि पत्रातलं तिचं नाव गिरगटून टाकलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. “मला वाईट वाटलं, खरंच वाटलं,” फिजिओबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याला इतकं हायसं वाटलं की तो मटकन सोफ्यावर बसला. ताईला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळायलाही लागली.

“फक्त एक आहे,” काटेकोर म्हणाला. “पत्रात नाव तर लागणारच. नुसतं कंपनीला लिहिलं तर कोण विचारतं? चाल एकटीने थोडीच बसवली असेल तिने.”

त्याने नवा गेम लावला, शेवटची नावं आणली आणि ‘नावाड्याची चाल’ या मथळ्यापाशी थांबवली. पहिलं नाव भाचीचं. खाली आणखी तीन.

“यातलं तुमच्या नात्यातलं नाही ना कुणी?”

“नाही,” चष्मेवाला म्हणाला.

“अक्षर फार बारीक आहे हो. मला इथून लागत नाही. तिच्या खालचं जरा वाचता का?”

एकाने कोऱ्या ओळीवर पेन टेकवून ठेवलं होतं. चष्मेवाल्याला स्वतःची किळस आली. तरी तो उठला, टीव्हीजवळ गेला, आणि ते नाव त्याने त्यांना सावकाश वाचून दाखवलं, लिहिणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून दोनदा.